वाल्पुरीचं ‘मग?’

तावेत्तीनं वाल्पुरीला मागणी घातली त्याला तिसरं वर्ष लागलं होतं, आणि लग्न अजून एका तळहाताएवढ्या पुस्तकापाशी अडून बसलं होतं. मुलीचा होकार होता, मुलाचा तर होताच होता. आडवी येत होती ती प्रश्नोत्तरी, म्हणजे धर्माचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. हाउकीलाम्पी गावात ज्याला ती वाचता येत नाही त्याला प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकरी, नाही, आणि ज्याला प्रभुभोजन नाही त्याला बायको नाही. तावेत्ती तीस वर्षांचा, दाराएवढा रुंद गडी. वसंतात नदी फुगली की जंगलातून पाण्यात सोडलेल्या ओंडक्यांना वाट करून देणं त्याचं काम, आणि त्या वाहत्या ओंडक्यांवर उभा राहून तो एकावरून दुसऱ्यावर असा जायचा की काठावरच्या बायका डोळे मिटून घ्यायच्या. पण हातात पुस्तक दिलं की या वाघाची पाचावर धारण बसायची.

वाचनपरीक्षा दर फेब्रुवारीत. ज्या घराची पाळी असेल तिथं सगळं गाव जमायचं, आणि आधी पास झालेल्यांनाही पाद्री पुन्हा वाचायला सांगायचे. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे टेबलापाशी पाद्री, आणि त्यांच्या पाठीमागं भट्टीत राय नावाच्या काळ्या धान्याच्या कणकेत भाजत असलेल्या माशांचा घमघमाट. परीक्षा झाली की पंगत. जो नापास होईल त्यानं दाराजवळच्या बाकावर बसायचं. जेवण त्यालाही मिळायचं, पण सगळ्यांच्या शेवटी, आणि तोवर कुणीही दार उघडलं की बाहेरचा वारा थेट त्याच्या मानेवर.

आधीचे पाद्री म्हातारे होते आणि कानानं अधू होते. न अडखळता आवाज येत राहिला की ते मान डोलवायचे. त्यामुळं गावात वाचणं म्हणजे न थांबता बोलणं, असा समज घट्ट बसला होता. पोरं ती प्रश्नोत्तरी ऐकून ऐकून पाठ करायची, परीक्षेला पुस्तक समोर धरायची आणि जीभ पानाच्या शेवटी पोचली की पान उलटायची. पान कुठं उलटायचं तेही पाठच असायचं. यात लबाडी आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तावेत्तीला लहानपणी गोवर झाला, मग बाप गेला, मग कामं पाठीला लागली, आणि त्याची परीक्षा राहूनच गेली. तो उभा राहिला तेव्हा म्हातारे पाद्री देवाघरी गेले होते आणि त्यांच्या जागी हालेनियस नावाचे नवे पाद्री आले होते.

नवे पाद्री येताना प्रश्नोत्तरीची नवी छपाई घेऊन आले. कागद कमी लागावा म्हणून मुद्दाम बारीक टायपात छापलेली. तावेत्तीनं पुस्तक धरलं, छाती भरून घेतली आणि सुरू झाला. जुन्या पुस्तकातलं पान जिथं संपायचं तिथं पोचल्याबरोबर त्यानं अंगठा ओला केला आणि झोकात पान उलटलं.

पाद्रींनी हळूच ते पान परत मागं घेतलं. “तावेत्ती, हे अर्धं पान कुठं गेलं रे?”

“संपलं की ते, बाबा.”

“माझ्यासमोर तर अजून बारा ओळी दिसताहेत.”

तावेत्तीनं त्या बारा ओळींकडं असं पाहिलं, जणू कुणी परक्याचं ढोर त्याच्या गोठ्यात आणून बांधलंय. मग जो हशा उसळला त्यानं छताची काजळी खाली आली म्हणतात. मी म्हणेन, काजळी कदाचित आली नसेल, पण गावानं ते हसू पुढं वर्षभर पुरवून पुरवून वापरलं. रस्त्यात तावेत्ती दिसला की पोरंसुद्धा अंगठा ओला करायची.

बायकांच्या बाकावर एकटी वाल्पुरी हसली नाही. तिला प्रेमापोटी हसू आलं नाही असं सगळ्यांनी धरलं. खरं कारण वेगळं होतं. थोड्याच वेळात तिची पाळी होती, आणि पान तीही अगदी त्याच जागी उलटणार होती.

वाल्पुरी ही मुस्तोला वाड्यावरची, म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतघरातली, गोठ्याची बाई. नवव्या वर्षी तिथं कामाला आली ती तिथंच राहिली. मालकाची पोरं भट्टीजवळ बसून घोकायची आणि ही कोपऱ्यात सूत कातत ऐकायची. पोरांच्या आधी हिला पाठ झालं. पंधराव्या वर्षी जुन्या पाद्रींपुढं ती इतकी घडाघडा बोलली की त्यांनी तिला उत्तम वाचणारी ठरवून टाकलं. तिला एक अक्षर ओळखता येत नव्हतं. पुढं कळायला लागलं तसं तिला त्याचं वाईट वाटायला लागलं, पण सांगणार कुणाला? गावात तिचं नाव झालं होतं. त्या दिवशी तावेत्तीची फजिती झाली म्हणून ती तरली. पुस्तक हातात आल्यावर तिनं बोट पानावर दाबून धरलं आणि पाद्री स्वतः “पुरे” म्हणेपर्यंत पान उलटलंच नाही. बसल्यावर तिला स्वतःचीच शरम वाटली, आणि तावेत्तीकडं बघायचं धाडस तिला संध्याकाळपर्यंत झालं नाही.

तावेत्ती मात्र खचणारा नव्हता. वर्षभर तो दर शनिवारी चर्चच्या भजनमास्तरांकडं गेला आणि नेटानं अक्षरं शिकला. पुढच्या फेब्रुवारीत तो आला तो वेगळाच. पाद्रींनी पुस्तक मधेच कुठंतरी उघडून दिलं आणि त्यानं खरोखर डोळ्यांनी बघून, एकही अक्षर न चुकता, पाण्यासारखं सलग वाचून दाखवलं. भजनमास्तरांची मान अभिमानानं ताठ झाली.

“छान,” पाद्री म्हणाले. “आता पुस्तक मीट आणि काय वाचलंस ते सांग.”

तावेत्ती गोंधळून बघत राहिला. “बाबा, मी तर वाचत होतो. ऐकायचंही होतं काय?”

पुन्हा हशा, पुन्हा दाराजवळचा बाक. वाल्पुरी त्या वेळी त्या घरच्या गोठ्यात होती. गाय अडली आहे असं कुणालातरी सांगून ती पळाली होती, आणि गाय मजेत रवंथ करत होती.

घरी जाताना तो घसरगाडी ओढत होता आणि ती शेजारून चालत होती.

“ऐकायचंही होतं काय म्हणे!” वाल्पुरी फणकारली. “अरे, तुझ्याच तोंडातून आलं ना? तुझ्या कानाला पत्ता नाही?”

“अगं, सगळा जीव अक्षरांत असतो. एक पकडलं की दुसरं निसटतं. अर्थाकडं बघायला सवड कुठंय?”

“मालक काय म्हणालेत ऐकलंस का? तळ्याकाठची झोपडी आणि तिच्यामागचं शेत ते लग्न झालेल्या जोडप्यालाच देणार. पुढच्या वर्षीच्या उन्हाळी सणाला आपलं लग्न झालेलं नसलं, तर ती त्यांच्या पुतण्याला.”

“म्हणजे एकच परीक्षा उरली.”

“एकच. आणि नापास झालास तर मी म्हातारपणापर्यंत दुसऱ्याच्या गायी पिळणार आणि तू दुसऱ्याच्या लाकडांवर नाचणार.”

त्यावर त्यानं घसरगाडीची दोरी दुसऱ्या खांद्यावर घेतली. एरवी तो तिच्या टोमण्याला हटकून उत्तर द्यायचा. आज तो नुसता पुढं चालत राहिला, तेव्हा वाल्पुरीनंही दोरीला हात लावला.

वारं फिरलं ते जूनमधल्या एका रविवारी, आणि ते फिरवलं ओमेना नावाच्या गायीनं.

सगळं घर चर्चला गेलं होतं. नापास माणसाकडं चर्चमध्ये लोक वळून वळून बघतात, म्हणून तावेत्ती काहीतरी निमित्त काढून गोठ्याकडं आला होता. बघतो तर वाल्पुरीचा चेहरा पांढराफटक. ओमेना पहाटेच ओल्या गवतात शिरली होती आणि आता तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. ती मान लांब करून कण्हत होती. जुना गुराखी असता तर त्याला उपाय ठाऊक होता, पण तो गेल्याच वर्षी मेला होता. वाल्पुरी धावत घरात गेली, मालकीणबाईंच्या कपाटातून गुरांच्या दुखण्यांवरचं चोपडं काढून आणलं आणि तावेत्तीच्या हातात कोंबलं. मुखपृष्ठावर गाय होती, म्हणून तिला ते सापडलं.

“वाच!”

“तूच वाच ना. तू उत्तम वाचणारी. मी अडखळलो तर गाय जायची.”

“मला येत नाही.”

“काय येत नाही?”

“वाचता! कधीच आलं नाही. सगळं पाठ होतं. तुझ्यासारखंच. आता वाच, नाहीतर मी तुला त्या चोपड्यानं मारीन!”

तावेत्तीनं तिच्याकडं क्षणभर पाहिलं. दोन वर्षं गाव त्याला हसत होतं आणि ही उत्तम वाचणारी म्हणून मिरवत होती. त्याला राग आला असता तर तो रास्तच होता. पण गाय कण्हली आणि त्यानं चोपडं उघडलं. फुगलेल्या पोटाचं चित्र शोधलं आणि खालचा मजकूर पाद्रींपुढं वाचला तसा, सलग, एका दमात वाचून काढला.

“मग? काय करू?” वाल्पुरीनं विचारलं.

“मला काय ठाऊक? मी वाचत होतो.”

“तावेत्ती!” ती इतकी जोरात ओरडली की कोंबड्या उडाल्या. “मला ते पानभर शब्द नकोत. तिला पाणी पाजू का नको? उभी ठेवू का निजवू? एवढंच शोध. बाकीचं राहू दे!”

आणि त्या दिवशी तावेत्तीनं आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. पहिल्या ओळीपासून नाही. काहीतरी हरवल्यावर माणूस घर धुंडाळतो तसं तो बोटानं पाणी शोधत गेला.

“पाणी... हे बघ, पाणी. पाणी पाजा... नाही, थांब, थांब. पाजू नका! मघाशी मी हे ‘नका’ वाचलं आणि मला कळलंच नाही. पाजू नका. उभी ठेवा. पुढचे पाय उंचावर. तोंडात आडवी काठी बांधा म्हणजे ती चघळत राहील.”

“आणि?”

“आणि डावी कूस चोळा. डावी म्हणजे तिची डावी.”

दोघांनी मिळून ओमेनाला चढाकडं तोंड करून उभं केलं, तोंडात काठी बांधली आणि घाम गळेपर्यंत तिची कूस चोळली. शेवटी तिनं असा काही लांबलचक ढेकर दिला की तावेत्ती म्हणाला, भजनमास्तरांनाही इतका सूर लावता येत नाही. वाल्पुरी हसायला लागली आणि हसता हसता रडली. गाय वाचली म्हणून, आणि गुपित फुटलं म्हणूनही.

“दोन वर्षं तू दाराजवळ बसत होतास,” ती डोळे पुसत म्हणाली, “आणि मी गप्प होते.”

“गप्प होतीस ते बरं झालं. दोघांना तो बाक अपुरा पडला असता.”

एवढं बोलून त्यानं तो विषय संपवला. माणूस पुस्तकात कच्चा असेल, पण असल्या बाबतीत तावेत्तीचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

त्या दिवशी वाल्पुरीला कळलं की तावेत्तीचं कुठं अडतंय. ओंडक्यांच्या कोंडीची गोष्ट सांगायला लागला की हाच माणूस कुणाच्या टोपीचा रंगही विसरायचा नाही. छापलेल्या ओळीमागं कुणीतरी बसून आपल्याला काहीतरी सांगतंय, हे मात्र त्याच्या ध्यानातच येत नव्हतं. मग उन्हाळ्याच्या उरलेल्या दिवसांत आणि सबंध शरदात, दूध काढायच्या वेळी तो पालथ्या बादलीवर बसायचा आणि वाचायचा. ती गायीच्या पोटाला डोकं टेकवून ऐकायची. वाक्य संपलं की ती म्हणायची, “मग?” आणि त्यानं आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय पुढचं वाक्य नाही.

वाचायला काहीही चालायचं. पंचांगातला हवामानाचा मजकूर, मधमाश्या पाळण्याचं पुस्तक, खारवलेले मासे बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा. वाल्पुरीच्या प्रश्नांत परीक्षेचा वासही नव्हता. तिला खरोखर ठाऊक नसायचं. इतकी वर्षं त्या काळ्या रेघांपुढून ती नुसतीच ये-जा करत होती, आणि आत काय आहे ते सांगणारं माणूस तिला आता भेटलं होतं. तावेत्ती सांगता सांगता अडखळला की तिचा चेहरा पडायचा. तो चेहरा बघवत नाही म्हणून तो मागं जायचा आणि पुन्हा वाचायचा.

एकदा एक वाक्य पाच ओळींचं निघालं. तावेत्तीनं ते तीनदा वाचलं आणि चोपडं गवतावर फेकलं. “ही कोंडी आहे, वाल्पुरी. सगळं एकमेकांत अडकलंय.”

“नदीत कोंडी झाली की काय करतोस?”

“सगळे ओंडके ओढत बसायचं नसतं. बाकीचे ज्याच्यावर रेललेत असा एकच असतो. तो शोधायचा आणि सोडवायचा. मग सगळं आपोआप वाहतं.”

“मग शोध ना. यात मुख्य कोण? आणि तो करतोय काय?”

तावेत्तीनं चोपडं उचललं. बराच वेळ ओठ हलवत राहिला. “मधमाशी,” तो शेवटी म्हणाला. “मधमाशी परत येते. बाकीचं सगळं कधी येते, कुठून येते, काय घेऊन येते, एवढंच आहे.” आणि तो असा हसला, जणू सगळी नदी त्यानं एकट्यानं मोकळी केली होती.

कधी ती वाचायच्या आधीच पैज लावायची. मथळा ऐकून दोघांनी पुढं काय असेल ते सांगायचं. ज्याचं चुकेल त्यानं विहिरीवरून पाणी आणायचं. तावेत्ती पैजेत हरायला तयार नसायचा, म्हणून तो पुढं सरसावून वाचायचा, बरोबर निघालं की बादलीवर हात आपटायचा. एखादा शब्द अजिबात ओळखीचा नसला तर ती म्हणायची, “राहू दे त्याला बाजूला, पुढं जा. शेजारीपाजारी सांगतील तो कोण आहे ते.” आणि बहुतेक वेळा शेजारीपाजारी सांगायचे. एकदा माशांच्या कागदावर एका बुडालेल्या होडीची बातमी होती.

“मग? सापडला का तो?”

“पुढं फाटलंय.”

“असं कसं फाटलंय?” तिला इतका राग आला की ती तशीच उठून मालकीणबाईंकडं गेली आणि दुसरे मासे कोणत्या कागदात आहेत ते विचारून आली.

मालक एनोक्की येता-जाता खोचकपणे विचारायचे, “काय गं, यंदा गायीही परीक्षेला बसणार वाटतं?”

“बसतील की, मालक,” वाल्पुरी म्हणायची. “ओमेनाची तयारी झालीय. तुमची झालीय का तेवढं बघा.”

तावेत्ती तिला म्हणायचा, “ये, तुलाही अक्षरं दाखवतो.” ती हात झटकायची. आधी लग्न, मग अक्षरं. खरं म्हणजे तिला भीती वाटायची की आपल्याला जमलं नाही तर? तरी त्याच्या बोटाकडं बघता बघता एक अक्षर तिला चिकटलंच, ओमेनाचा वाटोळा ओ.

फेब्रुवारी आला. पाळी नेमकी मुस्तोलाची. मासे भट्टीत गेले, ताकाची मडकी भरली, आणि वाल्पुरी गोठ्याकडं सटकायच्या आत मालकीणबाईंनी तिचा दंड धरला. “आज कुठं चाललीस? बस बाकावर. तुझा गडी उभा राहणार आहे.”

तावेत्तीचं नाव पुकारताच पुरुषांच्या बाकावर दोघातिघांनी अंगठे ओले केले. पाद्री हालेनियस यांनी प्रश्नोत्तरी उघडली, मग मिटली. उन्हाळ्यापासून गोठ्यात काय चाललं होतं ते त्यांच्याही कानावर होतं, आणि हाही माणूस सगळं पाठ करून आला असेल असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी खिशातून एक घडी घातलेलं पत्रक काढलं. शहरात नुकतंच छापलेलं, गावात कुणी न पाहिलेलं.

“हे वाच.”

वाल्पुरीच्या तोंडचं पाणी पळालं. तावेत्तीनं पत्रक घेतलं. पण तो सुरू झाला नाही. आधी त्यानं वरचा मथळा वाचला, क्षणभर विचार केला, आणि मग हळू वाचायला लागला. दोन शेजारी होते आणि त्यांची विहीर एकच होती. हिवाळ्यात विहिरीच्या तोंडाशी बर्फ धरायचं. दुसरा शेजारी रोज सकाळी पाण्याला यायचा तेव्हा बर्फ आधीच फोडलेलं असायचं. फोडणारा त्याला कधी दिसला नाही, आणि त्यानं कधी कुणाला विचारलंही नाही. एके सकाळी तो आला तर बर्फ तसंच होतं. त्यानं बादली खाली ठेवली, घरी गेला, काखेत भाकरी घेतली आणि शेजाऱ्याच्या घराकडं चालू लागला.

इथं तावेत्ती थांबला.

“हं?” पाद्री म्हणाले.

“थांबा, बाबा. माझं काहीतरी हुकलं. विहिरीवर आला आणि भाकरी घेऊन निघाला, हे जुळत नाही. मागं जाऊन बघतो.”

खोलीत खसखस पिकली. भजनमास्तरांनी कपाळाला हात लावला. या गावात थांबणं म्हणजे अडकणं, आणि मागं जाणं म्हणजे तर संपलंच. मालक शेजाऱ्याला कोपर मारत मोठ्यानं म्हणाले, “अहो, त्याला भूक लागली असणार, म्हणून भाकरी!” हसू वाढत गेलं. तावेत्तीचे कान लाल झाले. त्याचं बोट पत्रकावर थांबलं होतं आणि ओठ हलत होते. वाल्पुरीला दिसली ती तळ्याकाठची झोपडी, तिच्या दारात मालकाचा पुतण्या. पण त्याही क्षणी तिच्या मनात दुसरंच काही घोळत होतं. भाकरी का नेली त्यानं? तिला ते कळल्याशिवाय राहवेना.

“मग?” ती म्हणाली. मोठ्यानं. भर खोलीत.

सगळं गाव तिच्याकडं वळलं. तिनं तोंडावर हात ठेवला, पण शब्द निघून गेला होता. तावेत्तीनं मान वर केली. समोर पाद्री होते, परीक्षा होती, हसणारं गाव होतं, आणि तो त्या सगळ्यांना विसरून तिच्याशी बोलायला लागला.

“अगं, बर्फ फोडलेलं नव्हतं ना? म्हणजे फोडणारा आलाच नाही. रोज न चुकता येणारा माणूस आला नाही, म्हणजे तो आजारी असणार. म्हणून भाकरी.”

“पण फोडत होतं कोण ते याला कुठं ठाऊक होतं?”

“तेच तर! लिहिलंय की त्यानं कधी विचारलं नाही. मला वाटलं होतं, त्याला पर्वाच नव्हती. पण भाकरी घेऊन तो दुसऱ्या कुणाकडं गेला नाही, सरळ त्या शेजाऱ्याकडंच गेला. म्हणजे तो पहिल्यापासून ओळखून होता. फक्त बोलला नव्हता.”

“बाई गं,” वाल्पुरी म्हणाली. “दोघंही तसलेच की. एक सांगत नाही आणि दुसरा विचारत नाही.”

“हो ना.”

कुणीच हसत नव्हतं. ज्यांनी अंगठे ओले केले होते त्यांनी ते मुठीत लपवले. पाद्रींनी तावेत्तीच्या हातातलं पत्रक घेऊन पुन्हा एकदा वर-खाली पाहिलं.

“यात तो आजारी आहे असं कुठंही लिहिलेलं नाही, तावेत्ती.”

“नाही, बाबा. पण सांगितलंय.”

हालेनियस हसले. असे हसलेले त्यांना गावानं पूर्वी पाहिले नव्हते. मग त्यांनी वाल्पुरीकडं नजर वळवली. “आणि तू? तू त्याला आतून पढवत होतीस का? हे पत्रक तू आधी कुठं वाचलंस?”

आता खोटं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. वाल्पुरी उठून उभी राहिली. ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. “नाही वाचलं, बाबा. मला वाचताच येत नाही. कधीच येत नव्हतं. सगळं पाठ होतं. मी त्याला विचारत होते, कारण मला खरंच ठाऊक नव्हतं.”

मालकीणबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. एनोक्की मालक उठले. “म्हणजे हिलाही नापास करा! लग्नाचं कसलं बोलता?”

“बसा, मालक,” पाद्री शांतपणे म्हणाले. “तिला प्रभुभोजन माझ्या आधीच्या पाद्रींनी दिलंय. ते परत मागायचा अधिकार मला नाही.” त्यांनी पत्रकाची घडी घालून ते टेबलावर ठेवलं. “इतकी वर्षं मी लोकांना तेच विचारत आलो, ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक असतं. म्हणूनच बहुधा कुणी मला धड सांगत नाही.” त्यांनी दौतीत टाक बुडवला. “तावेत्ती वाचतो. आणि त्याला समजतं. येत्या तीन रविवारी मी चर्चमध्ये तुमच्या लग्नाची घोषणा करीन. पण वाल्पुरी, पुढच्या फेब्रुवारीत तू इथं उभी राहून वाचायचंस. कबूल?”

“मी शिकवीन तिला,” तावेत्तीच बोलून गेला.

“तुला कोण विचारतंय? कबूल, बाबा,” वाल्पुरी म्हणाली, आणि आता सगळे जे हसले ते हसू ऐकायला गोड होतं. त्या दिवशी दाराजवळचा बाक रिकामा राहिला. तावेत्ती पंगतीत पाद्रींच्या शेजारी बसला आणि त्यानं मासे भरलेली अख्खी भाकरी एकट्यानं संपवली. मालकांनी ताकाचा पेला उचलून त्याच्याकडं बघत कुरकुरत का होईना म्हटलं, “झोपडीचं छप्पर गळतं, आधीच सांगून ठेवतो.”

उन्हाळी सणाला लग्न झालं. छप्पर खरंच गळत होतं, ते तावेत्तीनं सण सरायच्या आत दुरुस्त केलं. मग शरदात आणि हिवाळ्यात पालथ्या बादलीवर कोण बसायचं आणि प्रश्न कोण विचारायचं, याची अदलाबदल झाली. वाल्पुरीला वाटलं होतं त्यापेक्षा अक्षरं अवघड निघाली. कितीदा तिनं पुस्तक भिरकावलं, आणि कितीदा तावेत्तीनं ते गवतातून वेचून आणलं. पण अर्थाच्या बाबतीत ती सुरुवातीपासूनच पुढं होती. एक ओळ अर्धीमुर्धी लागली की ती स्वतःलाच विचारायची आणि उत्तर शोधायला पुढच्या ओळीत शिरायची.

पुढच्या फेब्रुवारीत ती उभी राहिली तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. पाद्रींनी बसून वाचायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही. त्यांनी एक नवं पत्रक दिलं. एका म्हाताऱ्या होडीवाल्याची गोष्ट होती. वाल्पुरीनं बोट ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागली. हळू, अक्षर अक्षर जोडत, मधेच थांबत, एकदा मागं जात. कुणी अंगठा ओला केला नाही, कुणी कपाळाला हात लावला नाही. खोलीतली माणसं पुढं वाकून ऐकत होती, कारण तो होडीवाला तळ्याच्या मधोमध पोचला होता आणि वारा सुटला होता. तिथं एका लांब शब्दापाशी वाल्पुरी अडली. ओठ हलत राहिले, बोट तिथंच राहिलं.

पुरुषांच्या बाकावरून तावेत्तीचा आवाज आला.

“मग?”

पाद्रींसकट सगळं घर हसलं. वाल्पुरीनं पत्रकातून मान वर न काढता त्याला दटावलं, “थांब ना जरा! वाचतेय ना मी!”

आणि तिनं तो शब्द सोडवला, आणि पुढं काय झालं ते सगळ्यांना सांगितलं.